पडलेल्या दातांच्या जागी काय बसवावे? इम्प्लांट आणि कवळी यांतून निवड करण्याच्या पायऱ्या

मागच्या पावसाळ्यात एक आजी मुलाबरोबर दवाखान्यात आल्या. खुर्चीवर बसताच त्यांनी पिशवीतून हातरुमालाची पुरचुंडी काढली, गाठ सोडली आणि खालची कवळी माझ्या हातावर ठेवली. वरची कवळी तोंडातच होती आणि घट्ट बसली होती. "ही फक्त लग्नकार्याला घालते. जेवायला बसले की काढून ठेवते, नाहीतर घासाबरोबर वर येते," असे त्यांनी सांगितले. कवळी मी उलटसुलट करून पाहिली. ती बनवण्यात काही चूक नव्हती. खालच्या जबड्याच्या हाडाचा जो उंचवटा कवळीला धरून ठेवतो, तो पंधरा वर्षांत झिजून जवळजवळ सपाट झाला होता. अशा अवस्थेवर कवळी आणि पक्के दात यांच्या मधला एक उपाय असतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

दात पडल्यावर किंवा काढल्यावर पुढे काय करावे याचा विचार प्रथमच करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. मी कवळ्याही बनवतो आणि इम्प्लांटवरचे, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेल्या कृत्रिम मुळावरचे, दातही बसवतो, त्यामुळे दोहोंपैकी एकाची बाजू घेण्याचे मला कारण नाही. किती दात गेले, कोणत्या जबड्यातले गेले, खाली हाड किती उरले आणि रोजची निगा कोण राखणार, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की निवड बरीचशी आपोआप होते, असा माझा अनुभव आहे.

पायरी १: दात गेल्यावर जबड्यात काय घडते ते समजून घ्या

दाताचे मूळ ज्या हाडात रोवलेले असते, ते हाड दाताच्या आधारानेच टिकते. चावताना मुळातून पोहोचणारा दाब थांबला की शरीर ते हाड हळूहळू शोषून घेऊ लागते. पहिल्या वर्षी ही झीज सर्वांत वेगाने होते. दात काढलेल्या जागेची रुंदी त्या काळात निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते. पुढे वेग मंदावतो, पण झीज आयुष्यभर चालू राहते आणि खालच्या जबड्यात ती वरच्यापेक्षा बरीच जास्त होते. म्हणूनच जुनी कवळी दर काही वर्षांनी सैल पडते. कवळी तीच असते, तिच्या खालची जमीन सरकलेली असते. एखाददुसराच दात गेला असेल तर शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात आणि समोरच्या जबड्यातली दाढ आधार न राहिल्याने त्या फटीत उतरते. मग नंतर दात बसवायचे ठरवले तरी जागाच उरलेली नसते.

याचा अर्थ घाईघाईने खर्च करावा असा नाही. मात्र दात काढून घेण्यापूर्वीच "याच्या जागी पुढे काय?" हे डॉक्टरांना विचारावे, म्हणजे हाड शक्य तितके राखून दात काढता येतो. वरचे दात काढले की नजर जाते, या समजुतीपायी अनेक जण हलणारे, पू झालेले दात वर्षानुवर्षे तसेच ठेवतात आणि त्या काळात दाताभोवतीचे हाडही गमावतात. दातांच्या नसा वेगळ्या आणि डोळ्यांच्या वेगळ्या. दात पडण्याच्या वयातच मोतीबिंदूही होतो, म्हणून दोन्हींचा संबंध जोडला गेला असावा.

पायरी २: पूर्ण तपासणी करून घ्या आणि काहीही लपवू नका

तोंडातल्या तपासणीनंतर बहुधा संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढतात. इम्प्लांटचा विचार असेल तर सीबीसीटी हे त्रिमितीय स्कॅन लागते, कारण हाडाची जाडी साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. इम्प्लांट आणि ती नस यांच्यात साधारण २ मिलिमीटर अंतर राखावे लागते. नसेला धक्का लागला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते. वरच्या जबड्यात दाढांच्या वर सायनसची पोकळी असते आणि दाढा जाऊन बरीच वर्षे झाली असतील तर तिच्या खालचे हाड पातळ झालेले असते. अशा वेळी हाडाची भर घालावी लागते, त्यामुळे खर्च आणि कालावधी दोन्ही वाढतात.

यानंतर प्रकृतीची माहिती. मधुमेह असला म्हणून इम्प्लांट होत नाही असे नाही, पण साखर आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही आणि हाड इम्प्लांटला धरत नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी ८ च्या वर असेल तर मी आधी साखर खाली आणायला सांगतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्याबद्दल हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी मिळून ठरवायचे असते. हाडांच्या ठिसूळपणासाठी ॲलेंड्रोनेटच्या गोळ्या किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन घेतले असेल, तर ते आवर्जून सांगावे. इंजेक्शन वर्षातून एकदाच असते, म्हणून लोक ते विसरतात; परंतु या औषधांमुळे जबड्याचे हाड न भरून येण्याचा धोका असतो आणि तो दात काढतानाही असतो. कर्करोगासाठी जबड्यावर किरणोपचार झाले असतील, तर तेही पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

तंबाखूबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे अडचण नेमकी इथेच येते. सिगारेट आणि विडीमुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो आणि इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण वाढते, हे बहुतेकांना ठाऊक असते. मिश्रीला, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीला, मात्र घरोघरी दात घासण्याचे साधन समजले जाते, आणि बायका ती व्यसन म्हणून सांगतच नाहीत. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंना मी असाच प्रश्न विचारला, तसेच उत्तर मिळाले, इम्प्लांट बसवले आणि तीन महिन्यांत ते सैल होऊन हातात आले. दिवसातून चार वेळा मिश्री लावतात, हे त्यानंतर कळले. प्रश्न नीट विचारण्याची जबाबदारी माझी होती. तेव्हापासून मी मिश्री, मशेरी, तपकीर, गुटखा, मावा आणि सुपारी यांची नावे घेऊन एकेक विचारतो. सुपारी आणि गुटख्यामुळे गालांची आतली त्वचा ताठ होऊन तोंड उघडेनासे होते. स्वतःच्या हाताची तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये शिरत नसतील, तर आधी त्यावर उपचार घ्यावेत; दोनच बोटे जाणाऱ्या तोंडात माप घेण्याचा साचाही जात नाही आणि इम्प्लांटची हत्यारेही जात नाहीत.

पायरी ३: कवळी कशी बनते आणि ती काय देऊ शकते

पूर्ण कवळी ॲक्रिलिक या गुलाबी प्लॅस्टिकच्या तळावर कृत्रिम दात बसवून तयार होते. दात काढल्यानंतर हिरड्या भरून यायला साधारण सहा ते आठ आठवडे, काहींना तीन महिने लागतात. त्यानंतर पहिले माप, दुसरे बारीक माप, दोन्ही जबडे मिटल्यावरचे अंतर ठरवणे, मेणात बसवलेल्या दातांची ट्रायल आणि शेवटी तयार कवळी, अशा चार-पाच भेटी होतात. ट्रायलच्या दिवशी घरातल्या एखाद्या जवळच्या माणसाला बरोबर न्यावे आणि जमल्यास तरुणपणीचा, हसतानाचा एक फोटोही न्यावा. दातांचा आकार, रंग, ओठाखाली दिसणारी लांबी हे सगळे त्या दिवशी बदलता येते. एकदा मेणाच्या जागी ॲक्रिलिक आले की बदल करणे अवघड होते.

वरची कवळी टाळूवर पसरलेली असते आणि लाळेच्या पातळ थरामुळे ती टाळूला चिकटून राहते. खालच्या कवळीला टाळू नसतो. ती घोड्याच्या नालेसारखी असते, मधून जीभ सतत हलत असते आणि बाजूंनी गाल ढकलत असतात. म्हणून एकाच तज्ज्ञाने एकाच वेळी बनवलेल्या दोन कवळ्यांपैकी वरची उत्तम आणि खालची त्रासदायक, असा अनुभव अगदी सर्रास येतो. उत्तम पूर्ण कवळीनेही चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या साधारण चतुर्थांशच मिळतो. हे आधी माहीत असले की पुढची निराशा टळते.

काही दात शिल्लक असतील तर आंशिक कवळी बनते. तारेचे हूक असलेली ॲक्रिलिकची कवळी स्वस्त आणि लवकर होणारी असते. कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या सांगाड्याची कवळी पातळ, मजबूत आणि उरलेल्या दातांना अधिक आधार देणारी असते, म्हणून दीर्घ काळासाठी मी तिचीच शिफारस करतो. हूक न दिसणाऱ्या लवचिक कवळ्या दिसायला सुबक असतात, पण सैल झाल्यावर त्यांना आतून थर देणे कठीण जाते.

पायरी ४: इम्प्लांट कसे बसते

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचे कृत्रिम मूळ. त्याचा व्यास साधारण ३ ते ५ मिलिमीटर आणि लांबी ८ ते १३ मिलिमीटर असते. त्यावर ॲबटमेंट हा जोडभाग आणि त्यावर कॅप, असे तीन भाग मिळून एक दात होतो. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या १९५० च्या दशकात लक्षात आले. सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणे प्रयोगानंतर त्यांना काढता येईनात. हाडाने ती धरून ठेवली होती. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले आणि ते त्या रुग्णाच्या मृत्यूपर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ, काम देत राहिले.

शस्त्रक्रिया दात काढताना देतात तशीच भूल देऊन होते आणि अनेक रुग्ण "दाढ काढताना याहून जास्त त्रास झाला होता" असे सांगतात. खरी परीक्षा नंतरच्या थांबण्याची असते. खालच्या जबड्यात साधारण तीन ते चार महिने आणि वरच्या जबड्यात चार ते सहा महिने हाडाला जुळून यायला द्यावे लागतात. त्यानंतर कॅप बसते. 'एका दिवसात दात' अशा जाहिरातींमधले दात बहुतेक वेळा तात्पुरते असतात. योग्य हाड असलेल्या रुग्णात ही पद्धत चालते, पण पुढचे काही महिने मऊ अन्नावर राहावे लागते आणि कायमचे दात नंतरच बसतात, हे जाहिरातीत ठळक लिहिलेले नसते.

व्यवस्थित बसवलेली आणि निगा राखलेली दहापैकी नऊहून अधिक इम्प्लांट दहा वर्षांनंतरही टिकून असतात. वय ही अडचण नाही. ऐंशी वर्षांच्या निरोगी व्यक्तीलाही इम्प्लांट बसते. उलट जबड्याची वाढ पूर्ण होण्याआधी, म्हणजे साधारण अठराव्या वर्षापूर्वी, ते बसवू नये, कारण भोवतालचे दात वाढीबरोबर पुढे सरकतात आणि इम्प्लांट तिथेच राहते.

पायरी ५: तुमच्या तोंडाला काय लागू पडते ते ठरवा

एकच दात गेला असेल, शेजारचे दोन्ही दात धड असतील आणि हाड पुरेसे असेल, तर इम्प्लांट घ्यावे. एका दातासाठी दोन निरोगी दात घासून ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवरच्या कॅपना जोडलेला दात, करणे मला पटत नाही. मात्र शेजारच्या दातांवर आधीच कॅप असतील किंवा बसवाव्या लागणार असतील, तर ब्रिज हा योग्य पर्याय ठरतो.

दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा गेल्या असतील, तर धातूच्या सांगाड्याची आंशिक कवळी किंवा दोन्ही बाजूंना इम्प्लांट, यांपैकी काय घ्यायचे हे खिसा आणि हाड पाहून ठरवावे. वरचे सगळे दात गेले असतील, तर आधी चांगली पूर्ण कवळी वापरून पाहावी. बहुतेकांचे तिच्यावर समाधान होते.

खालचे सगळे दात गेले असतील, तर मात्र माझे मत स्पष्ट आहे. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर अडकणारी, काढता-घालता येणारी कवळी करावी. २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असे मत मांडले होते. पुढच्या भागातले हाड दाढांच्या जागेपेक्षा जास्त टिकलेले असते, ओठाची नस तिथून मागे राहते, खर्च संपूर्ण पक्क्या दातांच्या तुलनेत खूप कमी येतो आणि इम्प्लांटमुळे तिथली झीजही मंदावते. सुरुवातीला सांगितलेल्या आजींना आम्ही हेच केले. शर्टाचे टिचबटण लागावे तसा कवळी बसताना 'टक्' असा आवाज येतो. पहिल्यांदा तो ऐकून त्यांनी ती तीनदा काढली, तीनदा बसवली आणि मग जिभेने ढकलून पाहिली. ती हलली नाही. महिन्याभराने त्या भाकरी खात होत्या. अजून आमटीत कालवून, पण कवळी तोंडात ठेवून.

सगळे दात कायमचे पक्के हवे असतील तर एका जबड्यात साधारण चार ते सहा इम्प्लांट लागतात. ते सुख मोठे आहे यात शंका नाही, पण हातांना कंप असलेल्या किंवा विसराळूपणा वाढत चाललेल्या वृद्ध व्यक्तीला त्या दातांखाली ब्रश घालणे जमणार नसेल, तर तिथे साधी कवळी अधिक सुरक्षित असते. ती काढून दुसऱ्या कोणाला तरी धुता येते. पैसे तयार ठेवून आलेल्या मुलांना हे पटवणे मला नेहमी जड जाते, तरीही मी ते सांगतो.

पायरी ६: खर्च लेखी घ्या

इम्प्लांटचा सांगितलेला आकडा बऱ्याचदा फक्त हाडातल्या स्क्रूचा असतो. स्कॅन, ॲबटमेंट, तात्पुरता दात, कॅप, गरज पडल्यास हाडाची भर आणि नंतरच्या तपासण्या, यांचे वेगवेगळे आकडे कागदावर मागावेत. इम्प्लांट निकामी झाले तर पुन्हा बसवण्याचा खर्च कोणाचा, हेही त्याच कागदावर असावे. बसवलेल्या इम्प्लांटची कंपनी, माप आणि लॉट क्रमांक असलेले कार्ड मागून घ्यावे. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात स्क्रू सैल झाला तर त्या डॉक्टरांना योग्य हत्यार त्यावरूनच शोधता येते. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे आहे का आणि इम्प्लांटचे प्रशिक्षण त्यांनी कुठे घेतले, हे विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. आरोग्य विमा बहुतेक वेळा दात बसवण्याचा खर्च देत नाही, तेव्हा पॉलिसी आधी वाचावी.

ज्यांना खासगी खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी अनुभवी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कवळ्या बनवतात. भेटी जास्त होतात आणि वेळ लागतो, पण प्रत्येक टप्पा तपासूनच पुढे नेला जातो.

पायरी ७: पहिला महिना

नवी कवळी पहिले काही दिवस परकी वाटते, लाळ जास्त सुटते आणि 'स', 'फ' हे उच्चार अडखळतात. रोज पंधरा मिनिटे वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. वाणी आठ-पंधरा दिवसांत सरावते. मऊ वरण-भात, खिचडी, उपमा यांपासून सुरुवात करून घास लहान घ्यावेत आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चावावे, म्हणजे कवळी कलंडत नाही. पुढच्या दातांनी पेरू किंवा कणीस तोडू नये. हिरडीला कुठे टोचत असेल तर घरी कानस लावू नये. भेटीच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी कवळी घालून ठेवावी, म्हणजे लाल झालेली जागा डॉक्टरांना दिसते आणि नेमके तेवढेच घासता येते.

पायरी ८: रोजची निगा

कवळी प्रत्येक जेवणानंतर धुवावी आणि रात्री मऊ ब्रश व साध्या साबणाने घासावी. टूथपेस्टने तिच्यावर बारीक चरे पडतात आणि त्यांत जंतू साठतात. उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवावे, कारण कवळ्या बहुधा धुताना हातातून निसटूनच फुटतात. झोपताना ती काढून पाण्यात ठेवावी. रात्रंदिवस घातलेल्या कवळीखाली टाळूला बुरशी येऊन लाली धरते. फुटलेली कवळी घरी फेविक्विकने चिकटवू नये, तुकडे घेऊन यावे.

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीच्या हिरडीला संसर्ग होतो आणि वेदना नसतानाही आतले हाड जात राहते. म्हणून दोन वेळा ब्रश, दातांच्या फटींत जाणारा बारीक ब्रश आणि वर्षातून दोन तपासण्या हे चुकवू नये. ब्रश करताना रक्त दिसले तर थांबून पाहू नये, लगेच दाखवावे. इम्प्लांटवर अडकणाऱ्या कवळीतल्या नायलॉनच्या छोट्या चकत्या झिजतात आणि 'टक्' आवाज मऊ पडतो. त्या काही मिनिटांत बदलता येतात. साधी पूर्ण कवळी साधारण पाच ते सात वर्षांनी नवी करावी लागते.

घरातल्या वृद्ध व्यक्तीला रुग्णालयात दाखल करावे लागले, तर कवळीसाठी झाकणाची डबी बरोबर द्यावी आणि डबीवर नाव लिहावे. शस्त्रक्रियेपूर्वी कवळी काढायला सांगतात, ती टिश्यू पेपरात गुंडाळून उशाशी ठेवली जाते आणि सकाळी कचऱ्याबरोबर निघून जाते. कवळी बनत असतानाच तिच्या आतल्या बाजूला नाव घालून द्या, असे डॉक्टरांना सांगितले तर लॅबमध्ये ते सहज करून मिळते.